पक्ष्यांचा हजेरीपट

पक्षिनिरीक्षण म्हटले की गळ्यात दुर्बीण, अंगात मातकट रंगाचे कपडे आणि पहाटेच्या अंधारात गाठलेले एखादे अभयारण्य, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. म्हणून शाळाही मुलांना वर्षातून एकदा कर्नाळ्याला किंवा नांदूर मध्यमेश्वरला घेऊन जातात. मुले हरखून जातात, वहीत नावे उतरवून घेतात, आणि सहल संपली की पक्षीही संपतात. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या खिडकीबाहेर तारेवर बसलेल्या कोतवालाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

खरे तर पक्ष्यांविषयी काही शिकायचे असेल, तर वर्षातून एकदा दूर जाण्यापेक्षा रोज एकाच ठिकाणी पाहणे अधिक उपयोगाचे. आणि आपण रोज न चुकता जातो, अशी जागा म्हणजे आपली कामाची जागा. कोणासाठी ती बँक असेल, कोणासाठी कारखाना, कोणासाठी तहसील कचेरी. शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची कामाची जागा म्हणजे शाळा. सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. रोज परिपाठाच्या आधी फक्त १५ मिनिटे आवारातले पक्षी पाहिले, तर वर्षाला ५५ तास होतात. एकाच जागेचे, सर्व ऋतूंतले ५५ तास! एवढा वेळ एखाद्या अभयारण्याला देणे पगारी माणसाला शक्य नाही.

या लेखात आपण तीन गोष्टी पाहू या : शाळेच्या आवारात काय काय दिसू शकते, ते कसे नोंदवायचे, आणि अशा साध्या नोंदींचा उपयोग काय.

कामाच्या जागेवरचे निरीक्षक

नोकरी सांभाळून, नोकरीच्या जागीच पक्षी पाहणाऱ्यांनी पक्षिशास्त्रात मोठी भर घातली आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म १८५१ साली साताऱ्याचा. काही वर्षे त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरी केली. बदली होईल त्या गावी, बंगल्याच्या व्हरांड्यात आणि अंगणात जे प्राणी-पक्षी दिसतील ते त्यांनी पाहिले. ‘ईहा’ या टोपणनावाने त्यांनी केलेले लेखन आजही वाचले जाते. मुंबईतल्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक १९०० साली निघाले. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी स्थापन केली, त्यांतही ते होते. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे त्या आठांतले दोन भारतीय.

इंग्लंडमध्ये त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाने सेलबोर्न या आपल्या गावातच राहून नोंदी केल्या. तोवर एकच समजल्या जाणाऱ्या, दिसायला जवळजवळ सारख्या अशा तीन बारीक वटवट्यांची गाणी वेगळी आहेत, हे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे त्या तीन वेगळ्या जाती होत्या. रोज तेच पक्षी ऐकणाऱ्यालाच हा फरक कळणार. त्याचे पुस्तक १७८९ साली प्रसिद्ध झाले.

डॉ. सालिम अलींचा अनुभवही असाच. १९३० साली त्यांची मुंबईच्या संग्रहालयातली नोकरी गेली आणि ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे ते दिवस त्यांनी ती वसाहत पाहण्यात घालवले, आणि तोवर कोणाच्या लक्षात न आलेली गोष्ट उघड झाली. नर घरटे विणायला घेतो. ते अर्धे झाले की माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला घरटे पसंत पडले तरच जोडी जमते आणि मग नर ते पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की हा दुसरे घरटे विणायला घेतो! सुगरणीची घरटी शेकडो वर्षे लोक पाहत होते. पण रोज, त्याच ठिकाणी, तासन्‌तास बसून कोणी पाहिले नव्हते.

जागा सांगते पक्षी कोण

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न असतो, ‘एवढे पक्षी ओळखायचे कसे?’ आमचे सांगणे असे, की रंगापासून सुरुवात करू नका. पक्षी कुठे बसला आहे आणि काय करतो आहे, हे आधी पाहा. शाळेच्या आवाराचे पाच-सहा भाग पाडले की काम सोपे होते.

विजेच्या तारा. तारेवर ताठ बसलेला, काळाकुळकुळीत, शेपटी टोकाशी दुभंगलेला पक्षी म्हणजे कोतवाल. त्याच तारेवरचा, चिमणीएवढा हिरवा पक्षी, ज्याच्या शेपटीतून दोन बारीक पिसे तारेसारखी बाहेर आलेली असतात, तो वेडा राघू. दोघांचीही शिकारीची पद्धत एकच. उंचावर बसायचे, उडता किडा दिसला की झेप घ्यायची आणि पकडून पुन्हा बैठकीवर यायचे. वेडा राघू मधमाशी पकडून आणतो, तेव्हा ती तारेवर आपटतो आणि घासतो. नांगीचा बंदोबस्त केल्याशिवाय तो ती गिळत नाही. पाच मिनिटांत त्याने किती झेपा घेतल्या आणि कितींदा तो त्याच जागी परतला, हे पाचवीची मुलेही मोजू शकतात.

छप्पर आणि भिंती. पारवे, चिमण्या आणि साळुंक्या इथे हक्काने राहतात. छताच्या कोपऱ्यात पिसे आणि काडीकचरा लाळेने चिकटवून केलेली घरटी दिसली तर ती पाकोळ्यांची. पाकोळी तारेवर कधीच बसत नाही, हे मुलांना शोधून काढू द्या. तिचे पाय फार आखूड असतात. भिंतीला नखांनी लटकता येते, पण तारेवर बसता येत नाही. याउलट भिंगऱ्या तारेवर ओळीने बसतात. दोघीही आकाशात किडे टिपत फिरतात, लांबून सारख्या दिसतात, पण ‘तारेवर बसते की नाही’ या एका प्रश्नाने त्या वेगळ्या करता येतात.

मैदान. गवतात पिवळ्या पायांनी चालणारी, डोळ्यामागे पिवळी कातडी असलेली साळुंकी. घोळक्याने कलकलाट करत पाचोळा उलथणारे मातकट सातभाई. मोकळ्या, खडकाळ जागेत लांब पिवळ्या पायांची टिटवी. ती घरटे बांधतच नाही. जमिनीवरच खड्यांच्या मध्ये अंडी घालते आणि त्या अंड्यांवरचे डाग खड्यांत असे मिसळून जातात, की पायाशी असूनही दिसत नाहीत. डोक्यावर तुरा असलेला हुदहुद लांब, बाकदार चोच जमिनीत खुपसून अळ्या काढतो. त्याला हवी असते मऊ माती.

झाडे. वड, पिंपळ, उंबर यांपैकी एक जरी झाड आवारात असेल, तर शाळा भाग्यवान. फळे पिकली की तांबट, बुलबुल, कोकीळ आणि कदाचित आपला राज्यपक्षी हरियालही येतो. पिवळ्या पायांचा हा हिरवट पारवा पानांत इतका लपतो, की झाडावर वीस बसले असले तरी उडाल्याशिवाय कळत नाही. तांबट मात्र ऐकू येतो. भांडी ठोकणाऱ्या तांबटाच्या हातोडीसारखा ‘टुक, टुक, टुक’ असा त्याचा आवाज दुपारच्या उन्हातही चालू असतो.

कुंपण आणि कुंड्या. जास्वंद, कण्हेर, घाणेरी यांच्यावर शिंजीर मध प्यायला येतो. इथेच शिंपी राहतो. पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून, कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि कापूस त्यांतून ओवून तो पानांची पिशवी करतो आणि आत घरटे बांधतो. एवढासा पक्षी, पण आवाज वर्गात शिकवणे थांबवावे इतका मोठा.

आकाश. गोल घिरट्या घालणारी घार, तिच्या शेपटीला टोकाशी खाच असते. तिच्यापेक्षा लहान, झाडांच्या सावलीतून एकदम झेपावणारा तो शिक्रा. तो आला की सगळ्या आवारात एकच गलका होतो. पाहणाऱ्याला शिक्रा दिसण्याआधी बुलबुल आणि खारी यांच्या ओरडण्यावरून तो आल्याचे कळते.

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. वर्षाच्या काही महिन्यांत जांभळ्या शिंजिराचा नर आपला चकाकता रंग टाकून मादीसारखा हिरवट-पिवळा होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते. एकदाच सहलीला गेलेला माणूस याला तिसराच पक्षी समजेल. रोज पाहणाऱ्या मुलांना रंग हळूहळू कसा बदलतो ते कळते.

आवारातले वेळापत्रक

शाळेला वेळापत्रक असते तसे पक्ष्यांनाही असते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा पावशाचे ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ ऐकू येत असते. आफ्रिकेकडून पावसाच्या सुमारास येणारा चातक दिसण्याचे दिवसही हेच. हे दोघेही कोकिळेच्या कुळातले, आपली अंडी दुसऱ्यांच्या, विशेषतः सातभाईंच्या, घरट्यांत घालणारे. गायबगळ्यांच्या डोक्यावर आणि पाठीवर या दिवसांत नारिंगी छटा असते. ती विणीची खूण.

सप्टेंबर उजाडला की मैदानावर शेपटी सतत वरखाली हलवत चालणारे परीट येऊ लागतात. हिमालय आणि त्याच्याही पलीकडच्या प्रदेशातून ते येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. त्यांच्या पाठोपाठ थिरथिरा येतो. काळपट अंग, तांबूस पोट आणि थरथरणारी शेपटी. कुंपणाच्या भिंतीचा एखादा कोपरा पकडून तो हिवाळाभर तिथेच राहतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये सावर, पांगारा, पळस फुलले की मध प्यायला पक्ष्यांची झुंबड उडते. मध्य आशियातून येणाऱ्या गुलाबी मैनांचे थवे या फुलांवर इतके दिसतात, की त्यांना पळसमैना हेच नाव पडले आहे. मार्चपासून दयाळ झाडाच्या शेंड्यावर बसून सकाळी गाऊ लागतो. एप्रिल-मेमध्ये कावळे घरटी करतात आणि कोकिळा त्यांत अंडी घालते. जूनमध्ये शाळेत कावळा कोणाच्या डोक्यावर चोच मारू लागला, तर तो माजला असे समजू नये. जवळच्या झाडावर त्याचे पिल्लू असते, आणि कधी ते पिल्लू कोकिळेचे असते.

हे वेळापत्रक कोकणात, देशावर आणि विदर्भात थोडेफार मागेपुढे होते. म्हणूनच पुस्तकातले पाठ करण्यापेक्षा आपल्या शाळेचे स्वतंत्र वेळापत्रक तयार करावे. परीट पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला, शेवटचा कधी दिसला, या दोनच नोंदी पाच वर्षे ठेवल्या तरी मोलाच्या ठरतील.

हजेरी कशी घ्यायची?

शिक्षकांना हजेरीपट नवा नाही. रोज, ठरलेल्या वेळी, सर्वांची नावे घ्यायची, हजर असेल त्यापुढे एक खूण आणि नसेल त्यापुढे दुसरी. पक्ष्यांची नोंद नेमकी अशीच ठेवायची आहे. त्यासाठी चार नियम पाळावेत.

पहिला, जागा ठरलेली हवी. पायरी, ओटा किंवा खिडकी, एकदा ठरली की बदलायची नाही. दुसरा, वेळ आणि अवधी ठरलेला हवा. सकाळी ८ ते ८.१५ म्हणजे तेवढेच. पक्षी रंगात आले म्हणून पंचवीस मिनिटे बसलो, तर आकडे वाढणारच, पण ते कालच्या आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत. तिसरा, मोजायचे. ‘खूप कावळे’ ही नोंद नव्हे, ‘कावळे १४’ ही नोंद. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजून, तसे किती गट भरतील याचा अंदाज घ्यावा आणि पुढे ‘अंदाजे’ असे लिहावे. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम, शून्य लिहायचे. एक नमुना पाहा :

सोमवार, सकाळी ८ ते ८.१५. ढगाळ, वारा नाही. साळुंकी ६, कावळा ४, पारवा ११, बुलबुल २, कोतवाल १, चिमणी ०. अनोळखी १ : चिमणीपेक्षा बारीक, वरून हिरवट, शेपटी वर उचललेली, कुंपणात.

अनोळखी पक्ष्याचे नाव ओढूनताणून लिहू नये. आकार (चिमणी, साळुंकी, कावळा यांच्या तुलनेत), चोच, शेपटी, जागा आणि हालचाल लिहून ठेवावी. वरच्या नोंदीतला पक्षी बहुधा शिंपी असणार, हे पुढे कधी तरी चित्र पाहून ठरवता येते. चुकीचे नाव मात्र नंतर दुरुस्त करता येत नाही. नावांबद्दल आणखी एक सूचना. भारद्वाजालाच कुठे कुकुडकोंबा म्हणतात, कुठे सोनकावळा. मुलांनी आजी-आजोबांना विचारून गावातली नावे गोळा करावीत आणि पुस्तकी नावाशेजारी लिहावीत.

आता शून्याबद्दल. वर्गात मुलगा गैरहजर असतो तेव्हा आपण त्याच्यापुढची जागा कोरी सोडत नाही. कोरी जागा म्हणजे हजेरी घेतलीच नाही. पक्ष्यांचेही तसेच. ‘चिमणी ०’ याचा अर्थ, आम्ही १५ मिनिटे शोधली आणि ती दिसली नाही. चिमणीचा उल्लेखच नसेल तर, ती नव्हती की कोणी पाहिले नाही, हे पुढे कधीच कळणार नाही.

तरीही ‘दिसला नाही’ आणि ‘नव्हता’ यांत फरक आहे, तो विद्यार्थ्यांना जरूर समजावून द्यावा. हिवाळ्यात कोकीळ ऐकू येत नाही म्हणून तो निघून गेला, असे अनेकांना वाटते. तो तिथेच असतो, फक्त गात नाही. एका दिवसाच्या शून्यावरून काही ठरत नाही. वीस दिवसांतली वीस शून्ये मात्र काही सांगू लागतात. म्हणून महिन्याच्या शेवटी सरासरी काढावी : शाळेचे दिवस २०, पैकी परीट दिसला १५ दिवस, म्हणजे ७५ टक्के. प्रत्येक पक्ष्याचे असे टक्के काढून आलेख काढला, की गणिताचा तासही सत्कारणी लागतो.

घंटा कोणासाठी वाजते?

रोजच्या नोंदीबरोबर एखादा प्रश्न घेऊन छोटा प्रयोग करता येतो. मधल्या सुट्टीत डबे उघडले की कावळे आणि साळुंक्या जमतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते सांडलेले अन्न पाहून येतात, घंटा ऐकून येतात, की वेळ ओळखून आधीच येऊन बसतात?

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात कुरव पक्ष्यांबाबत हाच प्रश्न विचारला गेला. संशोधकांनी १२ कुरवांच्या पाठीवर जागा टिपणारी छोटी यंत्रे बसवली, आणि एक शाळा, एक बाग व एक कचरा केंद्र येथे पक्ष्यांची प्रत्यक्ष मोजणीही केली. शाळेत कुरवांची गर्दी सुट्टीच्या वेळेशी जुळत होती, आणि सुट्टीच्या जरा आधीपासूनच ते छपरांवर घिरट्या घालू लागत. हे काम २०२० साली प्रसिद्ध झाले.

आपल्या शाळेत यंत्रांची गरज नाही. चार मुलांचा गट सुट्टीच्या आधी २० मिनिटे, दर पाच मिनिटांनी, छपरावरचे आणि मैदानावरचे कावळे मोजेल. सुट्टी संपल्यानंतरही २० मिनिटे मोजेल. असे दहा दिवस करा. मग रविवारी त्याच वेळी मोजा. शनिवारी शाळा सकाळची असते आणि सुट्टीची वेळ बदलते. त्या दिवशी काय होते? परीक्षेच्या दिवसांत घंटा वेगळ्या वेळी वाजते, तेव्हा? उत्तर काय येईल हे आम्ही सांगत नाही. ते शाळेशाळेत वेगळे असू शकते. त्यातच प्रयोगाची गंमत आहे.

दुसरा प्रश्न खिडकीचा. एखादा शिंजीर किंवा बुलबुल रोज काचेवर किंवा स्कूटरच्या आरशावर चोची मारताना दिसतो. त्याला आत यायचे नसते. काचेत दिसणारा पक्षी त्याला आपल्या हद्दीत घुसलेला प्रतिस्पर्धी वाटतो. हे खरे का, हे पाहायचे तर काचेला बाहेरून कागद लावा. प्रतिबिंब नाहीसे झाल्यावर मारामारी थांबते का? वर्षातल्या कोणत्या महिन्यांत ती जोरात असते? आणि त्याच महिन्यांत त्याचे गाणे, घरटे यांच्याही नोंदी आहेत का?

चिमण्या कमी झाल्या, पण किती?

‘आमच्या लहानपणी वर्गात चिमण्यांची घरटी असायची, आता दिसत नाहीत’ असे वडीलधारी शिक्षक सांगतात. ते खोटे नाही. पण किती चिमण्या होत्या, कोणत्या साली कमी होऊ लागल्या, सगळीकडे कमी झाल्या की फक्त मोठ्या शहरांत, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. कारण त्या काळी चिमण्या मोजाव्यात असे कोणाला वाटले नाही. दुर्मिळ पक्ष्याची नोंद कोणीही करतो. जो रोज दिसतो, त्याची करत नाही.

ब्रिटनमध्ये १९६२ पासून स्वयंसेवक नेहमीच्या पक्ष्यांची ठरावीक जागी, ठरावीक पद्धतीने गणना करत आले. म्हणून चिमणी घटते आहे हे तिथे आकड्यांनी दाखवता आले आणि २००२ साली तिचे नाव धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. आपल्याकडे असे चित्र अलीकडे तयार होऊ लागले आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा पहिला अहवाल २०२० साली निघाला. एकूण देशाचा विचार करता चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत ती घटली आहे, असे त्यात दिसले. मोबाइलच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या नाहीशा झाल्या, हे आपण छातीठोकपणे सांगतो. त्याला उपलब्ध पुरावा दुजोरा देत नाही, हेही त्या अहवालाने नोंदवले. पिल्लांना लागणारे किडे आणि घरट्यासाठी सांदीकोपरे कमी होणे ही कारणे अधिक तपासण्याजोगी आहेत.

२०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ जातींची दीर्घकाळची दिशा सांगण्याइतक्या नोंदी होत्या, त्यांपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे आढळले. उरलेल्या सहाशे जातींचे काय? त्यांच्या पुरेशा नोंदीच नाहीत. आणि ज्यांच्या आहेत, त्या बहुतेक करून हौशी निरीक्षकांनी ई-बर्ड या जागतिक नोंदसंग्रहात भरलेल्या आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये शाळा-महाविद्यालयांची आवारेही भाग घेतात. तिथेही नियम सोपा आहे : एका जागी किमान १५ मिनिटे पाहा, मोजा आणि लिहा. आपला हजेरीपट तिथे तसाच्या तसा उपयोगी पडतो.

नोंद हातात असली की

अहवालांचे राहू द्या. हजेरीपटाचा पहिला उपयोग शाळेलाच आहे. आवारात दरवर्षी काही ना काही बदलते. वाळलेली फांदी ‘धोकादायक’ म्हणून तोडली जाते, मैदानावर सिमेंटचे ठोकळे बसतात, जुन्या भिंतीची भोके बुजवून रंग दिला जातो, कुंपणाची घाणेरी काढून जाळी लावली जाते. हे सगळे चांगल्या हेतूनेच होते. पण वाळलेल्या फांदीतच तांबट भोक पाडतो आणि त्या जुन्या भोकांत पुढे दयाळ किंवा इतर पक्षी राहतात. ठोकळ्यांखाली हुदहुदाची मऊ माती जाते. भिंतीच्या भोकांबरोबर चिमणीचे घर बुजते.

‘पक्ष्यांना त्रास होतो हो’ असे शाळा व्यवस्थापन समितीपुढे नुसते म्हटले तर ते हसण्यावारी जाईल. पण ‘या फांदीवर मार्च ते मे तांबटाचे घरटे असते, गेली तीन वर्षे नोंद आहे, रस्त्यावर न येणारा भाग ठेवा आणि छाटणी पावसाळा संपल्यावर करा’ असे आठवीच्या मुलांनी वही दाखवून सांगितले, तर ते ऐकावे लागते. आणि बदल झालाच, तर आधीचे आणि नंतरचे आकडे समोर ठेवता येतात. काय गेले, हे निदान कळते.

काही पथ्ये मात्र पाळायला हवीत. घरट्याजवळ गर्दी करू नये, फांद्या बाजूला करून पाहू नये. मोकळ्या घरट्यावर कावळ्याची नजर लगेच जाते. अंडी, घरटी जमवू नयेत. आपल्या बहुतेक पक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाही गुन्हाच. उन्हाळ्यात सावलीत मातीचे उथळ भांडे पाण्याने भरून ठेवावे आणि ते रोज धुवावे.

शेवटी त्या वहीविषयी. ॲलन ह्यूम हे इंग्रजी राजवटीतले बडे अधिकारी, ‘भारतीय पक्षिशास्त्राचे जनक’ म्हणून ओळखले जाणारे. सुमारे पंचवीस वर्षे जमवलेली त्यांची टिपणे १८८० च्या दशकात सिमल्याच्या घरून नोकराने रद्दीत विकून टाकली. त्यांनी पक्षिशास्त्र सोडले आणि आपला प्रचंड संग्रह ब्रिटिश संग्रहालयाला देऊन टाकला. आपल्या नोंदींची गत अशी होऊ नये. शिक्षकाची बदली होते, मुले दहावी होऊन जातात, पण शाळा तिथेच राहते. म्हणून हा हजेरीपट कोणा एकाच्या पिशवीत नको. जनरल रजिस्टरसारखा तो शाळेच्या कपाटात असावा, दरवर्षी नव्या तुकडीच्या हाती जावा. पहिल्या पानावर जागा, वेळ आणि सुरुवातीची तारीख लिहावी. बाकी पाने पक्षी भरतील.